म्युझियम, पार्किंग नंबर १४

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाणी दिवसातून दोनदा येतं, पण म्युझियम मात्र आहे. पार्किंग नंबर १४. वस्तू एकच: १९९१ ची प्रीमियर पद्मिनी. क्युरेटर बाबा, हमाल मी.

रविवारी कव्हर निघालं की पोरं जमतात. "मूळची इटलीची, फियाट अकराशे. पण कारखाना आपल्या कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांचा!" 'आपल्या'वर असा जोर, की पहिला नट बाबांनीच आवळला असावा. एकाने विचारलं, "आजोबा, हिला चार्जिंग कुठून करतात?" बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा तर घरात सुतकच होतं.

"विकूया," मी एकदा म्हणालो.

"व्हिंटेज होऊ दे, मग बघ किंमत."

सरकारी नियमाने व्हिंटेज व्हायला ५० वर्षं लागतात. म्हणजे २०४१.

"मग? घाई कसली आहे?"

मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न नौपाड्यात होतं. माजिवड्याच्या पुलावर, नेमक्या चढावर, गाडीने मान टाकली. "काही नाही रे, पंप तापलाय. पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ओढता येत नाही. ओला फडका दे."

पुलावर फडका कुठला? बाबांची नजर माझ्या नव्या रेशमी उपरण्यावर गेली. पुढच्या क्षणी त्यावर बिसलेरी ओतलेली, आणि ते पंपावर. चर्र!

मागे हॉर्नचा कल्लोळ. एक एसयूव्ही शेजारी थांबली, काच खाली आली. आता आईबहिणीचा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली.

"फियाट ना? आमच्या अण्णांकडे होती!"

तो उतरला. म्हणजे दुसरी लेनही बंद. पाच मिनिटांत बॉनेटभोवती चार जण, चौघांच्याही वडिलांकडे फियाट होती, आणि चौघांनाही बिघाड वेगवेगळा दिसत होता. शेवटी पावतीवाला हवालदार आला. त्याने आत डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "हँडगिअर? स्टिअरिंगलाच? काका, एकदा बसू का?"

बाबांनी दार उघडून चोकपासून सुरुवात केली.

आई कधीच रिक्षा करून पुढे गेली होती. तिचा फोन आला. "अक्षता पडल्या. दुसरी पंगत बसतेय. काय कळवू?"

"थांबायला सांग," बाबा आतून ओरडले, "हवालदारसाहेब आता रिव्हर्स शिकतायत."