प्रयोगशाळेचा निधी सुखरूप कसा खर्च करावा

आपल्या शाळेला सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी विज्ञान शिकावे यासाठी निधी मंजूर झाल्याचे समजले, मनःपूर्वक अभिनंदन. मात्र हा निधी ज्या मुलांच्या नावाने येतो, म्हणजे आज ना उद्या शाळा सोडतील अशी ज्यांच्याबद्दल धास्ती असते, त्यांची आणि त्या निधीची प्रत्यक्ष गाठ पडू नये यासाठी मुख्याध्यापकांनी व संस्थाचालकांनी किती दक्ष राहावे लागते, याची आपणास कदाचित कल्पना नसेल, म्हणून कोल्हापूरहून हे चार शब्द.

पहिली गोष्ट जागेची. शाळेतल्या मुलांनी हाताने यंत्रे करून पाहावीत म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेसाठी २० लाख रुपयांची तरतूद होती, त्यांतले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढील पाच वर्षे ती चालवण्यासाठी. सुरुवातीच्या निकषांत सपाटीवरच्या शाळेकडे पंधराशे चौरस फूट बांधीव जागा मागितली होती. वाडीवरच्या दोन खोल्यांच्या शाळेला वगळण्यासाठी वेगळा आदेश काढण्याची गरजच उरली नाही. निधीचा पहिला हिस्सा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो रंगकाम, शास्त्रज्ञांच्या तसबिरी, उद्घाटनाची कोनशिला आणि काचेची कपाटे यांवर मोकळ्या हाताने खर्च करावा. दुसऱ्या हिश्श्यातून सोल्डरची तार, बॅटऱ्या, जळालेल्या मोटरच्या जागी नवी मोटर आणि शिकवणाऱ्या माणसाचे मानधन अशा संपून जाणाऱ्या वस्तू घ्याव्या लागतात, आणि संपलेली वस्तू टिकाऊ सामानाच्या जडवस्तू नोंदवहीत दाखवता येत नाही, ही मोठी अडचण आहे. तेव्हा ३१ मार्चपूर्वी आणखी एक कपाट घेऊन निधी खर्ची पडल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवून द्यावे.

दुसरी गोष्ट मुलांच्या निवडीची, आणि इथे चुकलात तर सगळेच बिघडेल. प्रयोगशाळेत केवळ हुशार मुले न्यावीत, म्हणजे जी प्रश्न न विचारता वहीत उत्तर उतरवून घेतात. उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्याचा किंवा शिरोलीच्या ओतकामाच्या फाउंड्रीत वाळूचे साचे भरणाऱ्याचा मुलगा चुकूनही आत येता कामा नये. त्याने बापाला वाळू मुठीत आवळून तिच्यात पाणी कमी की जास्त हे सांगताना पाहिलेले असते. तुमच्या किटमधला ओलावा मोजणारा सेन्सर त्याच्या हाती पडला, तर तो तासाभरात बापाची मूठ आणि यंत्रावरचा आकडा ताडून पाहू लागेल, आणि मग त्याला तास संपल्याची घंटा ऐकवणार कोण? शिवाय गणितात नापास होणाऱ्याने दशांश चिन्हाचा उपयोग आपणहून शोधून काढला, तर त्याच्या प्रगतिपत्रकावर लिहिलेल्या शेऱ्याचे काय करायचे?

ऊसतोड मजुरांच्या मुलांची चिंता करू नये. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर बीडकडून इकडच्या फडांवर येतात, त्यामुळे पट तिकडे आणि मूल इकडे. निधी पटाच्या मागे जातो, मुलाच्या मागे जात नाही, ही सोय ज्याने केली त्याच्या दूरदृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडी.

स्थानिक अस्मिता मात्र जपावी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की विजेवाचून उघडतात. पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला हे कोल्हापुरात शेंबडे पोरही सांगते. पत्रा, नळी, वजन आणि पाण्याची टाकी एवढ्यावर त्या दरवाजाची लहान प्रतिकृती करता येण्यासारखी आहे, म्हणूनच ती करू देऊ नये. वर्ग ओला होतो. त्यापेक्षा फळ्यावर आकृती काढून दोन गुणांचा प्रश्न द्यावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, हे उद्घाटनाच्या भाषणात जरूर सांगावे. मुलाला शाळेत आणून प्रयोगशाळेबाहेर उभे करणाऱ्याला किती दंड असावा, हा विषय मात्र त्या व्यासपीठावर काढू नये.

आता अहवाल. तपासणीच्या दिवशी कुलूप सकाळी लवकर काढून धूळ पुसावी. थ्रीडी प्रिंटर सुरू करून दाखवण्याचा आग्रह झाल्यास वीजबिलाचा विषय काढावा, आग्रह आपोआप थांबतो. लाभार्थी विद्यार्थ्यांच्या रकान्यात सहावी ते आठवीचा संपूर्ण पट लिहावा. दिवाळीपासून चहाच्या गाडीवर कपबश्या विसळणाऱ्या मुलाचे नाव अजून पटावर असेल, तर तेही त्यात धरावे. त्या रकान्यासाठी मुलाची सही लागत नाही.