‘साथी मुंबईच्या, गावं निरोगी’ असं म्हणणाऱ्यांना

पोळ्याच्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरला. करोनाच्या वर्षीही तोच आला होता, आता वर बैलजोडीचा फोटो आहे एवढंच. त्यात म्हटलंय की प्लेगसारख्या साथी हा मुंबईसारख्या बंदराच्या शहराला लागलेला शाप. परदेशी जहाजांनी आणल्या, तिथल्या घाणीत वाढल्या. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत शेणाने सारवलेली घरं, कडुनिंब आणि ज्वारीची भाकर, म्हणून साथ वेशीबाहेरच थांबली. लस म्हणजे इंग्रजांची जबरदस्ती, तिनेच जास्त माणसं मेली. आणि शेवटी सल्ला: मुंबईहून येणाऱ्याला गावात शिरू देऊ नका.

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यात माझे विद्यार्थीही होते, म्हणून लिहायला बसलो.

प्लेग बंदरातून आला, हे खरं आहे. 1894 मध्ये हाँगकाँगला मोठी साथ होती आणि तिथून तो जहाजांबरोबर मुंबईत उतरला असं मानलं जातं. सप्टेंबर 1896 मध्ये गोदीजवळच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा तो ओळखला. पण मांडवीच का? तिथे धान्याची गोदामं होती, म्हणून उंदीर होते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू दुसरं रक्त शोधते, आणि जवळ झोपलेला हमाल तिला सापडतो. पिसवाचा हा धागा फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत शोधला. तोवर सरकारलाही तो कळला नव्हता, म्हणून माणसांची झडती चालली आणि उंदीर मोकळे राहिले. तेव्हा गोष्ट परदेशी माणसाची कमी आणि धान्याच्या पोत्याची जास्त आहे. धान्य तर आपल्याही घरात होतं. कणगीत, ढोलीत, मातीच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्या भिंतीत बीळ करायला उंदराला कितीसा वेळ लागतो? 1994 ला गाठीचा प्लेग पुन्हा दिसला तो बीड जिल्ह्यातल्या मामला या खेड्यात. तिथे ना बंदर, ना जहाज.

आता मजकुरातला सगळ्यात खोटा भाग. साथ म्हणे आपल्याकडे पोचलीच नाही.

मुंबई आणि वऱ्हाड एकमेकांना अनोळखी होते असं समजूनच हे लिहिलं आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज पडली. त्या काळात मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 ला तो फुटून कित्येक घरं बुडाली. त्या पैशाच्या मुळाशी जो कापूस होता त्यात वऱ्हाडाच्या काळ्या मातीतलाही होता. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा, सगळी बाजारपेठ एका रुळावर आली. खामगावला तर कापसासाठी जलंबहून वेगळा फाटा काढला. जिनातून सरकी वेगळी झाली, प्रेसमध्ये गाठी बांधल्या, की त्या गाठी बंदरावर. परतीच्या गाडीत कापड, मीठ, धान्य आणि माणसं. ज्या रस्त्याने आपला पैसा आला त्याच रस्त्याने ताप आला. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो.

माझी आजी सांगायची, ‘उंदीर पडला का कवेलू काढाचे न् वावरात जाचं.’ कवेलू म्हणजे छपराची कौलं, ती काढायची ते घरात ऊन पडावं म्हणून. गावंच्या गावं अशी शेतात झोपड्या टाकून राहिली. गावात प्लेग आलाच नसता तर हे वाक्य तिच्या तोंडी आलं कुठून?

आणि मानमोडी. 1918 चा इन्फ्लुएंझा. तोही आधी मुंबईतच दिसला, जूनमध्ये, आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेला. पण दुसरी, जास्त जीवघेणी लाट पावसाळ्याअखेर आली तेव्हा देशात सगळ्यात जास्त भाजून निघालेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. हजारामागे पन्नासाहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग, अंगात त्राण नाही. 1911 ते 1921 या दहा वर्षांत या प्रांताची लोकसंख्या वाढलीच नाही. दहा वर्षं पाळणे हलले आणि शिरगणतीत आकडा तिथल्या तिथेच.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढायला तहसीलला गेलो होतो. विदर्भातल्या बहुतेक घरांना हे काम कधी ना कधी पडतं. पणजोबांची नोंद शोधताना 1918 ची पानं उलटली गेली. एरवी एका पानावर महिने मावत होते. त्या ऑक्टोबरात मात्र एकाच महिन्याची पानं संपत नव्हती. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली पुन्हा ‘ताप’, मग कोतवालाने शब्द लिहायचा सोडून नुसत्या दोन टिंबांच्या खुणा केलेल्या. वयं बघितली तर म्हातारी माणसं थोडी. बावीस, तीस, सत्तावीस, आणि त्यात बायका फार. मानमोडीने देशभर हेच केलं, उमेदीची माणसं नेली आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त नेल्या. घरातल्या आजाऱ्याजवळ बसणारी तीच, शेवटी उरलेलं खाणारीही तीच. दिवस होते ज्वारी कापायचे आणि कापूस वेचायचे. ते पान बघून ‘आमच्याकडे साथ आलीच नाही’ असं कोणी म्हणून दाखवावं.

शेणाचं सारवण आणि कडुनिंब याबद्दल मला राग नाही, आमच्याही अंगणात निंब आहे. पण आपलं गाव आपोआप स्वच्छ होतं असं म्हणणं हा गाडगेबाबांचा अपमान आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस ज्या गावात जाई तिथे आधी खराटा हातात घेई. झाडायला काही नसतं तर खराटा कशाला लागला असता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराईचा पुतळा, गावाबाहेर नेताना आपण ‘रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत’ असं ओरडतो. साथीची देवी मरीमाय, तिचा गाडा वेशीपार ढकलतो. साथीची भीती आपल्या सणावारात भिनलेली आहे.

लसीचं म्हणणं थोडं सविस्तर बघावं लागेल, कारण त्यात खऱ्याचा अंश मिसळलाय. जबरदस्ती झाली होती. 1897 चा साथरोग कायदा कडक होता, पुण्यात सोल्जरांनी घरं उचकटली, त्या संतापात 22 जून 1897 ला प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पण ती जबरदस्ती झडतीची होती. लस वेगळी. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. ती पूर्ण संरक्षण देत नव्हती, ताप आणायची, पण टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू कमी होते. ‘लसीने मेले’ हे पंजाबातल्या मुलकोवालचं आहे. 1902 मध्ये तिथे एका दिवसात 107 जणांना टोचलं आणि 19 जण धनुर्वाताने गेले. ते एकोणीसही एकाच बाटलीतली लस घेतलेले होते, बाकीच्या बाटल्यांमधले सगळे वाचले. बाटली दूषित झाली होती. ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला, आणि तो पुसायला 1907 उजाडलं. आजही हा मजकूर तो ठपका पुन्हा लावतोय. आणि त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला गेल्या, हे मजकूर लिहिणाऱ्याला आठवलं नाही.

राहिला शेवटचा सल्ला, मुंबईवाल्याला अडवा. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गावात तो पाळला गेला. मुंबईत पॅकिंगचं काम करणारा एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, काही ट्रकने, काही पायी घरी आला. त्याला शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं. चौदा दिवस वेगळं ठेवणं समजू शकतो, ते बरोबरच होतं. पण हापशीवर त्याच्या माईला पाणी भरू दिलं नाही, आणि त्याच्या पुढ्यात हाच मजकूर मोठ्याने वाचला गेला. ती रोज डबा शाळेच्या भिंतीवर ठेवायची, दहा पावलं मागे सरकायची आणि तो जेवेपर्यंत उन्हात उभी राहायची. त्याला काही झालं नव्हतं. पंधराव्या दिवशी तो घरी गेला, गाड्या सुरू झाल्यावर मुंबईला परतला. त्यानंतर एकाही पोळ्याला तो गावात आलेला नाही.