रेशमी कापड, हक्काचे हमाल

बाळाला अंगाशी बांधायच्या कापडाचा नंबर बाळाच्या मापानं ठरत नाही, बांधणाऱ्याच्या मापानं ठरतो. सहा नंबर म्हणजे साधारण ४.६ मीटर, आणि तो म्हणे मध्यम बांध्याच्या माणसाला व्यवस्थित पुरतो. माझ्याभोवती फिरून तो पाठीमागे पोचला तेव्हा गाठीसाठी जेमतेम वीतभर कापड उरलं. "तुला सात लागेल," बायको म्हणाली. ती हसली नाही, याची मी नोंद घेतली आहे.

कापड बायकोच्या मैत्रिणीचं. रेशीम आणि मेरिनो लोकर, जकार्डची नक्षी, मोजकेच नग विणलेले, अगदी कोरं. "वापरून बघा, कितीही दिवस ठेवा," असं म्हणून तिनं ते स्वतःहून आणून दिलं. एवढं मोठं मन दिसलं की मला जरा भीतीच वाटते.

आता मूळ गोष्ट किती साधी! १९७२ साली जर्मनीत एरिका हॉफमन नावाच्या बाईंनी अशी कापडं विकायला सुरुवात केली. त्यांना जुळ्या मुली होत्या. जुळ्यांच्या आईला हात मोकळे हवे असणार, नक्षी नव्हे. पुढे त्यात रेशीम, लोकर, काश्मिरी पश्म असं काय काय शिरलं, ते बाळांना विचारून शिरलेलं नाही. आमच्या बाळाच्या लेखी कापडाचे दोनच प्रकार आहेत: तोंडात मावणारं आणि न मावणारं.

आधी बाहुलीवर सराव केला. बाहुली उत्तम बांधली गेली, कारण ती पाय झाडत नाही. मग खरं बाळ. कापडाच्या मध्यावरची खूण छातीवर, दोन्ही टोकं पाठीमागे फुलीसारखी नेऊन खांद्यांवरून पुढे, समोर झालेल्या खोळीत बाळ, आणि मग काठापासून एकेक पदर ओढत घट्ट करत जायचं. वाचायला पाच ओळी. करताना एक हात बाळाच्या पाठीशी, दुसऱ्या हातात टोक, दुसरं टोक दातात. "दातात नको! रेशीम आहे!" बायको ओरडली. अंगठी आधीच काढायला लावली होती, नखं कापून झाली होती. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हासुद्धा माझी एवढी तपासणी झाली नव्हती.

यातले नियम मात्र मला मनापासून पटले. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, मान जरा वाकवली की त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे, आणि गुडघे बुडापेक्षा वर. बेडकासारखं बसवायचं, थोडक्यात. आमचं बाळ बेडकासारखं बसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क झोपलं. वजन दोन्ही खांद्यांवर असं काही वाटलं गेलं की पाठ कुरकुरलीसुद्धा नाही. हे कापड खरंच कामाचं आहे, हे मान्य करायलाच हवं. आणि हात? पूर्ण मोकळे! त्या मोकळ्या हातांनी मी बाळाच्या हनुवटीखाली रुमाल धरून उभा राहिलो, रेशमावर लाळ सांडू नये म्हणून.

तरी एकदा त्यानं दूध काढलंच. बायकोनं आधी कापडाकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग माझ्याकडे. घरातला माझा क्रमांक त्या दिवशी कळला. कापडाला कोमट पाणी, लोकरीचा वेगळा साबण, पिळायचं नाही, सावलीत सपाट पसरून वाळवायचं. ते पलंगभर पसरलं होतं म्हणून मी जमिनीवर झोपलो.

शिवाय कोरं कापड ताठ असतं. ते वापरून वापरून मऊ करावं लागतं, हे मैत्रीण हप्त्याहप्त्यानं फोनवर सांगत गेली. "इस्त्री करता ना?" "वेणी घालून ठेवा हं." "त्याच्यावर बसलात तरी चालेल." कापडाची वेणी घालून मी त्यावर बसून ऑफिसचं काम केलं आहे. अखेर गाठ एका झटक्यात बसू लागली, कापड सायीसारखं झालं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मैत्रीण ते न्यायला हजर.

तिनं घडी उलगडली, गालाला लावली. "अय्या, काय मऊ झालंय! मला हे कोरं कापड रुळवायचा भयंकर कंटाळा येतो. माझ्याकडे अजून एक आहे, लिननचं. ते जरा जास्तच ताठ आहे, पण भाऊजी, तुमचं बसणं चांगलं आहे."

मी नकार द्यायला तोंड उघडेपर्यंत बायकोनं विचारलं, "कधी आणतेस?"