माणूस जावा, दर वाढू नये

मालक, एडिसनमध्ये तुमचं किराण्याचं दुकान असो, पेनसिल्व्हेनियात हायवेला लागून मोटेल असो, नाहीतर फ्रीमाँटला वीस-पंचवीस पोरांची आयटी कन्सल्टन्सी असो, वर्षातून एकदा राज्याच्या कामगार खात्याचं एक पाकीट येतं आणि ते तुम्ही न फोडता अकाउंटंटकडे टाकता. यापुढे फोडत जा. त्यात तुमचा बेकारी विम्याचा नवा दर असतो. वरवर पाहता ते तुम्ही माणसं कशी वागवलीत याचं प्रगतिपुस्तक वाटतं. प्रत्यक्षात मार्क मिळतात ते तुम्ही काढलेली माणसं किती गप्प बसली याचे.

आधी पैशाचं बघू. अमेरिकेत नोकरी गेलेल्याला दर आठवड्याला जो भत्ता मिळतो तो सरकार देतं, असं महाराष्ट्र मंडळाच्या पार्किंगमध्ये ठासून सांगणारे काका असतातच. चेक सरकारचा, पैसा मालकांचा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का सोडली तर कामगाराच्या पगारातून यासाठी दमडीही कापली जात नाही. केंद्राचा कर माणशी पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के. राज्याचा कर वेळेवर भरला की त्यात ५.४ टक्क्यांची सूट, म्हणजे उरले ४२ डॉलर. हा ७,००० चा आकडा १९८३ पासून जागचा हललेला नाही. वॉशिंग्टनमध्ये सगळंच बिघडलेलं असतं असं नाही.

खरी गोम राज्याच्या करात आहे. राज्याकडे तुमच्या नावाचं स्वतंत्र खातं असतं. तुम्ही भरलेला कर जमा, तुमच्या जुन्या माणसांनी उचललेला भत्ता नावे. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियासारख्या कित्येक राज्यांत ही शिल्लक तुमच्या सरासरी पगारबिलाशी ताडून बघतात आणि त्यावर दर बसवतात. शिल्लक भरली की दर उतरला, शिल्लक आटली की चढला. याला म्हणतात एक्स्पिरियन्स रेटिंग. अनुभव कामगाराला येतो, रेटिंग तुम्हाला मिळतं.

कल्पना विस्कॉन्सिनची. तिथे १९११ मध्ये कामावर जायबंदी झालेल्या कामगाराची भरपाई मालकावर टाकणारा कायदा झाला होता. भरपाई खिशातून जायला लागल्यावर मालकांना यंत्राभोवती जाळी बसवणं परवडू लागतं, हा त्यामागचा विचार. प्राध्यापक जॉन कॉमन्स आणि त्यांच्या शिष्यांनी तोच विचार बेकारीला लावला: माणूस काढायची किंमत मालकाने मोजली की तो माणूस काढण्याआधी दहादा विचार करेल. १९३२ मध्ये विस्कॉन्सिनचा कायदा आला, १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ते लोण देशभर नेलं, आणि ऑगस्ट १९३६ मध्ये मॅडिसनमध्ये पहिला चेक निघाला, १५ डॉलरचा.

प्राध्यापक भला माणूस. पण त्यांनी कधी दुकान चालवलं नव्हतं. दवाखान्याचं बिल कमी करायचे दोन रस्ते असतात. एक, यंत्राला जाळी लावायची. दुसरा, जखमी माणसाला दवाखान्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. जाळी महाग पडते.

तर दुसऱ्या रस्त्याने चला. काढलेल्या माणसाने भत्त्यासाठी अर्ज, म्हणजे क्लेम टाकला की राज्य तुम्हाला विचारतं, हा का गेला? काम नव्हतं, त्याने स्वतः सोडलं, की तुम्ही हाकललंत? 'काम नव्हतं' हे खरं उत्तर असलं तरी लिहू नका. ते लिहिलंत की भत्ता सुरू आणि बिल तुमच्या खात्यावर. 'स्वतःहून सोडली' हे सर्वांत उत्तम, कारण सबळ कारणाशिवाय सोडणाऱ्याला सहसा काही मिळत नाही. ते जमत नसेल तर 'गैरवर्तन'.

गैरवर्तनात मात्र एक अडचण आहे. १९४१ मध्ये विस्कॉन्सिनच्याच सर्वोच्च न्यायालयाने एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात ठरवून टाकलं की गैरवर्तन म्हणजे मालकाच्या हिताची जाणूनबुजून पायमल्ली. काम जमत नाही, हात धिमा आहे, एखाद-दुसरी चूक झाली, प्रामाणिकपणे निर्णय चुकला, यांत ते बसत नाही. पुढे बऱ्याच राज्यांनी हीच व्याख्या उचलली. त्यामुळे ज्या माणसाला काढायचं आहे त्याच्यावरचं प्रेम नऊ महिने आधीपासून कागदावर उतरवायला लागा. चार मिनिटं उशीर, लेखी ताकीद. टोपी घातली नाही, लेखी ताकीद. प्रत्येक कागदावर सही. ज्याला ठेवायचं आहे तो रोज वीस मिनिटं उशिरा आला तरी हसून 'काय रे, ट्रॅफिक?' एवढंच.

मग येते सुनावणी, आणि ती बहुतेक वेळा फोनवर असते. हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला तुमचा मॅनेजर, ऑफिसचं दार लावून, पुढ्यात फाइल, शेजारी महिन्याच्या फीवर ठेवलेल्या क्लेम सांभाळणाऱ्या कंपनीचा माणूस. दुसऱ्या टोकाला तुमच्याकडे सात वर्षं खोल्या आवरलेली बाई, भाचीच्या फोनवर, लाँड्रोमॅटमध्ये. मागे ड्रायर फिरतोय. दुभाषा लाइनवर आहे, पण अधिकाऱ्याचा प्रश्न दुभाष्यातून तिच्यापर्यंत आणि तिचं उत्तर परत पोचेपर्यंत त्यातलं निम्मं गळालेलं असतं. 'नोटीस मिळाली होती का?' ती म्हणते, कसली? तुमचा मॅनेजर पान नंबर सांगतो.

यातही सावध राहा. हेड ऑफिसच्या एचआरला बोलायला बसवलंत तर 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' या एका प्रश्नात ती गार पडेल. प्रसंगाच्या वेळी हजर असलेला सुपरवायझरच हवा. आणि पहिला निकाल तिच्या बाजूने लागला तरी अपील कराच, हरणार असं दिसत असलं तरी. सुनावणीच्या दिवशी तिने नवीन कुठेतरी भांडी घासायचं काम धरलेलं असेल, ती फोन उचलणार नाही, आणि तिच्या बाजूने बोलायला कुणीच नसेल. निकाल उलटला की तिने तोवर घेतलेले आठवडे राज्य तिच्याकडून परत मागतं. ही बातमी तुमच्याकडे कामाला असलेल्या बाकीच्या बायकांना आपोआप कळते. त्याला खर्च नाही.

राज्याच्या पत्राला उत्तर मात्र वेळेत द्या. कॅलिफोर्नियात दहा दिवस मिळतात. २०११ च्या केंद्रीय कायद्यापासून, तुम्ही उत्तर द्यायचं टाळलंत आणि त्यामुळे चुकीचा भत्ता गेला, असं वारंवार झालं, तर पुढे निकाल तुमच्या बाजूने लागला तरी ते नावे टाकलेले पैसे पुसले जात नाहीत. इतक्या वर्षांत मालकावर आलेली ही काय ती शिस्त.

कुणाला काढायचंच नसेल, नुसतं नकोसं करायचं असेल, तर तास कापा. पण हळूहळू. चाळीसचे बारा एकदम केलेत तर बारा तासांच्या पगारावरही त्याला अर्धवट बेकारी भत्ता मिळतो, शिवाय वैतागून सोडलं तर ते 'सबळ कारण' ठरू शकतं. त्यापेक्षा चाळीसचे चौतीस करा, आणि त्या चौतीसांतले जमतील तेवढे तास शनिवारी रात्री अकरानंतर टाका. पोराबाळांची आई असेल तर ती स्वतःच येऊन सांगेल. तिच्या हातून चार ओळी लिहून घ्या. हिंजवडीतल्या एचआरने घेतलेल्या राजीनाम्याइतक्या सुबक नसल्या तरी चालतात. तिकडे म्हणे 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द आधीच टाइप केलेले असतात.

तिकडचं निघालंच आहे तर सांगतो, भारतातला मालक याबाबतीत निवांत आहे. ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, मालकाचा हिस्सा सरसकट ३.२५ टक्के, मग तुम्ही वर्षात एक माणूस काढा की शंभर. २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून नोकरी गेलेल्याला सरासरी रोजंदारीच्या ठरावीक टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, पण त्याचं बिल त्या मालकाच्या खात्याला चिकटत नाही. आधी तर तो क्लेम जुन्या मालकाच्याच हातून पुढे जायचा. २०२० मध्ये कामगाराने थेट शाखेत अर्ज करावा असं ठरलं, आणि एक हुकमी पत्ता हातचा गेला.

परत अमेरिकेत. भत्ता मोजताना शेवटच्या पूर्ण झालेल्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार धरतात, आणि पुष्कळ राज्यांत बिल त्या काळातल्या मालकांना पगाराच्या प्रमाणात वाटलं जातं. याचा अर्थ लक्षात आला का? जो माणूस तुमच्याकडे परवाच लागला, त्याला तुम्ही दोन महिन्यांत काढलंत, तर त्याचं बिल जातं समोरच्या दुकानदाराला, ज्याने त्याला तीन वर्षं सांभाळलं. तेव्हा दिवाळीच्या गर्दीसाठी माणूस घ्यायचा तर समोरच्या दुकानातून चांगला मुरलेला घ्यावा. मिठाई संपली की मोकळं व्हावं.

कंत्राटदार दाखवायचा उपायही जुनाच. कर्मचारी नाही म्हटल्यावर कर नाही, क्लेम नाही. मात्र हे छोट्या प्रमाणावर करावं. उबरने मोठ्या प्रमाणावर केलं आणि २०२२ मध्ये न्यू जर्सीला १० कोटी डॉलर मोजले, ड्रायव्हरांच्या बेकारी आणि अपंगत्व विम्याच्या थकलेल्या वर्गणीचे, व्याजासकट. दर वाढला की जुनी कंपनी टाकून माणसं नव्या नावाच्या कंपनीत हलवायची, ही युक्ती २००४ च्या कायद्याने बंद झाली. काहीजण अजून करतात. तुम्ही करू नका, मुलाच्या मुंजीत तपासणीस येऊन बसतील.

हे सगळं करूनही दर चढलाच, तर घाबरू नका. चढू द्या. शिडी जिथे संपते तिथे खरं सुख आहे. कॅलिफोर्नियात राज्याचा करही माणशी पहिल्या ७,००० डॉलरवरच लागतो आणि सर्वोच्च दर आहे ६.२ टक्के. म्हणजे माणशी वर्षाला ४३४ डॉलर, त्यावर जात नाही. भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, सव्वीस आठवडे. म्हणजे ११,७०० डॉलर. एकदा छताला डोकं लागलं की पुढचा प्रत्येक काढलेला माणूस तुम्हाला फुकट. मार्टिन फेल्डस्टाइन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की अशाने तात्पुरत्या कपातीला उलट उत्तेजनच मिळतं. मालकांनी ते वाचलं नसावं, पण त्यांना कळलं होतं.

मग उरलेले पैसे कोण भरतं? ज्यांनी कुणाला काढलं नाही ते. २०२० नंतर कॅलिफोर्नियाच्या बेकारी निधीवर केंद्राचं सुमारे २० अब्ज डॉलरचं कर्ज चढलं. राज्य ते फेडत नाही म्हणून केंद्र तिथल्या प्रत्येक मालकाची सूट दरवर्षी थोडी थोडी कापतं. ४२ डॉलरचे २०२४ साठी माणशी १०५ झाले. तुमच्या ओळखीत कुणी असेल, वीस वर्षं तेच चार आचारी, करोनात घरचे पैसे घालून पगार दिलेला. गणपतीत आरतीला भेटला तर त्याचे आभार माना. त्याला कशाबद्दल ते कळणार नाही.

आता आयटीवाल्यांसाठी गुपित. ज्याच्या पगारावर कर भरायचा पण ज्याचा क्लेम कधी येत नाही असा आदर्श कर्मचारी जगात आहे, आणि तो पुण्याहून येतो. एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्याची नोकरी गेली की देश सोडायला किंवा नवा मालक शोधायला त्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस. भत्त्याची अट अशी की माणूस लगेच कुठेही कामाला लागायला मोकळा हवा. याचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला, म्हणून बहुतेक वेळा तो त्या अटीत बसत नाही, आणि बसला तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना सरकारी भत्त्याचा अर्ज भरायची त्याची छाती होत नाही. न्यू जर्सीत तर त्याच्या स्वतःच्या पगारातूनही ही वर्गणी कापली जाते. पे-स्टबवर छोट्या अक्षरात असते. तो बायकोला म्हणतो, 'सोड गं, चिल्लर आहे.'

आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व आहे, भत्त्यावर पुरता हक्क आहे, त्या आपल्या लोकांचं काय? त्यांच्यासाठी वकील लागत नाही, फाइल लागत नाही. मंडळाच्या स्नेहभोजनात श्रीखंड वाढता वाढता एवढंच म्हणा, 'आपली माणसं काही सरकारच्या पैशावर जगत नाहीत बुवा.' टेबलावर एखादा तरी असेल, गेल्या महिन्यात लॅपटॉप परत करून आलेला, घरी अजून न सांगितलेला. तो मान डोलवेल, सगळ्यांच्या आधी. तुमच्या खात्यावर त्याच्या नावाचा एक डॉलरही पडणार नाही.

तुम्ही २०२० मध्ये पगारासाठी म्हणून घेतलेलं पीपीपीचं कर्ज सरकारने माफ केलं होतं, ते त्या टेबलावर काढायचं कारण नाही. तो धंद्याचा भाग झाला.