पोटाच्या चरबीतून स्तन: त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय: "कॅन्सरमुळे काढलेला स्तन पोटाच्या मांसातून परत बनवू नका. कॅन्सर उलटला तर आत लपून राहतो, पोटाचे स्नायू कापल्याने बाई कायमची अधू होते, आणि स्तन काढतानाच केलं नाही तर पुढे होतच नाही." आधीच घाबरलेल्या बाईला हे वाचावं लागतं, म्हणून उत्तर देते.

स्नायूंपासून सुरुवात करू. ही भीती जुन्या पद्धतीतून आली. अमेरिकेत हार्टरॅम्फ यांनी 1982 मध्ये मांडलेल्या 'ट्रॅम' पद्धतीत पोटाचा उभा स्नायू चरबीसोबत छातीवर नेत. मागे पोट सैल पडे, कधी हर्निया होई. 1989 मध्ये जपानच्या कोशिमा यांनी दाखवलं की स्नायू जागेवर ठेवून, त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांसह नुसती त्वचा आणि चरबी उचलता येते. पुढे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट अ‍ॅलन यांनी हीच पद्धत स्तनासाठी वापरली. हाच 'डीप (DIEP) फ्लॅप'; फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसह उचललेला त्वचा-चरबीचा तुकडा. वाहिन्या सोडवताना स्नायूला चीर द्यावी लागते, काहींच्या पोटाला फुगवटाही राहतो. पण 'कायमची अधू'? नाही.

कॅन्सर लपण्याचं म्हणाल, तर नवा उभार पोटाच्या चरबीचा असतो. छातीवर आजार उलटलाच तर बहुधा त्वचेत किंवा छातीच्या भिंतीत दिसतो, तपासणीत सापडतो. चरबीचा भाग कधी कडक होऊन गाठीसारखा लागतो, तेव्हा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी करतात. या शस्त्रक्रियेने कॅन्सर उलटत नाही.

आणि वेळ? वर्षांनंतरही करता येते. रेडिएशन झालेल्या छातीवर तर इम्प्लांटपेक्षा, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम उभारापेक्षा, स्वतःची चरबी बहुधा जास्त चांगली टिकते. सिझेरियनचा व्रण सहसा आड येत नाही. पोटाची जादा त्वचा-चरबी काढण्याची शस्त्रक्रिया ('टमी टक') आधी झाली असेल तर मात्र पोटाची चरबी वापरता येत नाही.

ज्या बाईला हे नकोच आहे, तिचा निर्णयही तितकाच बरोबर. पण ज्या बाईला हवं आहे, तिला 'सोस' म्हणून हिणवू नका.

मेसेजमध्ये जे नाही तेही सांगते. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, नव्या स्तनाला पूर्वीचा स्पर्श पुरता परत येत नाही, क्वचित त्या चरबीची छातीतल्या वाहिनीला जोडलेली रक्तवाहिनी बंद पडते. तंबाखूने हा धोका वाढतो. आपल्याकडे अनेक बायका मिश्री लावतात आणि तिला तंबाखूत धरतच नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मिश्रीचं सांगा, आणि ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सोडा.