कुंडीतली खडी, टोमॅटोला टरफलं आणि ‘हाताला गुण’

‘घरच्या भाजीपाल्याची पाच गुपितं’ हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही येऊन गेला असेल. थोडक्यात तो असा: कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्या, दुपारी पाणी घालू नका कारण थेंबांनी पानं भाजतात, केळीच्या सालीचं पाणी द्या, टोमॅटोला अंड्याची टरफलं आणि एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचा एक क्षार) घाला. आणि शेवटी, एवढं करूनही झाड आलं नाही तर समजा तुमच्या हाताला गुण नाही. या शेवटच्या वाक्यापायी नवखी माणसं कुंड्या रिकाम्या करून टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खडीपासून सुरुवात करू, कारण मीही ती बरीच वर्षं घालत होतो. खडीतून पाणी झरझर जातं, हे खरं. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही. माती आधी पुरती भिजते, मगच थेंब सुटतो. म्हणजे पाणी घातल्यावर तळाशी जो चिंब थर राहतो, तो खडीमुळे नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो. कुंडी ३० सेंटीमीटर खोल असेल आणि ८ सेंटीमीटर खडी भरली, तर मुळांना उरली २२ सेंटीमीटर माती, आणि तिचाही तळ ओलाच. भांडी घासायचा स्पंज घेऊन बघा. पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा. लगेच आणखी पाणी गळतं. मातीचंही तेच आहे, खोली जितकी जास्त तितका निचरा बरा. तेव्हा भोकं मोकळी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा टाका आणि बाकी सगळी जागा मातीला द्या.

थेंब भिंगासारखं काम करतात आणि पान जाळतात, हे ऐकायला किती शास्त्रीय वाटतं! हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानावर चिकटलेला थेंब ऊन एका बिंदूवर आणतो खरा, पण तो बिंदू पानाच्या खाली पडतो. लव असलेल्या पानावर थेंब केसांवर उचललेला राहिला तर डाग पडू शकतो, एवढीच सवलत त्या दाव्याला मिळते. सकाळी पाणी घालणं चांगलंच, पण ते बाष्पीभवन कमी होतं आणि पानं लवकर वाळून बुरशीला वाव कमी मिळतो म्हणून. दुपारी झाड खरंच तहानलेलं असेल तर संध्याकाळची वाट बघू नका. तहानलेलं आहे का, हे मात्र बोट मातीत दोन पेरं खुपसून ठरवा. काकडी-भोपळ्याची पानं भर उन्हात ओल असतानाही मान टाकतात आणि ऊन उतरलं की आपसूक सावरतात.

केळीच्या सालीच्या पाण्यात थोडं पालाश (पोटॅशियम) उतरतं, नत्र (नायट्रोजन) जवळपास नाहीच, चिलटं मात्र भरपूर. साल कंपोस्टमध्ये टाका.

आता टोमॅटो. फळाचा तळ काळा, चामड्यासारखा पडतो तेव्हा ‘कॅल्शियम कमी’ असं निदान होतं आणि टरफलं चुरून घातली जातात. फळात कॅल्शियम कमी असतं, हे बरोबर. पण मातीत ते बहुतेक वेळा असतंच, फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि त्या पाण्यातला मोठा वाटा पानं ओढून घेतात. कुंडी एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असली की फळाच्या टोकाची उपासमार होते. टरफलं तर जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. आम्लधर्मी नसलेल्या मातीत ती अतिशय सावकाश विरघळतात. मी दोन वर्षांनी एक कुंडी उपसली तेव्हा टरफलाचे तुकडे जसेच्या तसे हाताला लागले. एप्सम सॉल्टने तर उलटंच होऊ शकतं. त्यात कॅल्शियम नसतंच, सुमारे १० टक्के मॅग्नेशियम असतं, आणि जास्तीचं मॅग्नेशियम मुळांपाशी कॅल्शियमची वाट अडवतं. कुंडी मोठी घ्या, १५-२० लिटरची. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला, पाणी सारखं द्या आणि नत्राचा मारा आवरा. काळा पडलेला तळ कापून उरलेलं फळ खुशाल खा.

राहिला हाताचा गुण. न आलेल्या रोपांमागची कारणं मला तरी फार साधी दिसली आहेत. बी खूप खोल पुरलेलं (जाडीच्या दुप्पट-तिप्पट पुरे), रोज आठवणीने घातलेलं नको तितकं पाणी, नाहीतर सावली. फळभाजीला सहा ते आठ तास ऊन लागतं; जागा तेवढी उजेडाची नसेल तर पालेभाजी लावा, ती कमी उन्हातही भागवून घेते. पहिलाच प्रयोग असेल तर मुळा पेरा. महिनाभरात हातात येतो, आणि नाहीच फुगला तरी पाला खाता येतो. मिरची लावलीत तर मात्र आठव्या दिवशी माती उकरून बघू नका. तिचं बी कधीकधी तीन आठवडेही घेतं.