ठासणीच्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

भात पिकायला लागलं की कोकणातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मतलब असा: शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक ज्याच्याकडे आहे, त्याने शेतात शिरलेलं रानडुक्कर, भेकर किंवा सांबर मारलं तर तो गुन्हा नाही. वनखात्याला विचारायची गरज नाही. मारलेलं जनावर शेतकऱ्याचंच. शिवाय अमेरिकेत शरद ऋतूत याच बंदुकीने हरणं मारायला सरकार हंगाम ठरवून देतं, मग बंदी आपल्यालाच का?

माझी खाचरं रानाला लागून आहेत. कापणीला आलेलं भात डुकरांचा कळप एका रात्रीत लोळवून जातो, तेव्हा काय होतं हे मला कुणी सांगायला नको. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा संताप खरा आहे. पण या मेसेजवर विसंबून बार काढला तर आपला एखादा शेतकरी तुरुंगात जाईल, म्हणून हे लिहितो आहे.

परवान्यापासून सुरुवात करू. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, हे खरं. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा. कुठलं जनावर मारावं, कुठलं नाही, याचा शस्त्र कायद्याशी संबंध नाही. ते ठरतं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार. त्याचं कलम 9 संरक्षित यादीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या अनुसूचींतल्या, प्राण्यांच्या शिकारीला सरळ मनाई करतं, आणि रानडुक्कर, भेकर, सांबर तिन्ही त्या यादीत आहेत. आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत जनावर शिरलं म्हणून ते यादीतून बाहेर पडत नाही. शेतात बंदूक हवी ती जनावर हुसकावायला, हवेत बार काढायला.

'शिकार' या शब्दात कायद्याने काय काय घातलंय तेही वाचून घ्या. ठार मारणंच नव्हे, तर जखमी करणं, विष घालणं, फासकी लावणं, सापळ्यात पकडणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा घडलेला असतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, तेव्हा 'मी बिबट्यासाठी लावली नव्हती' हे उत्तर वाचवत नाही.

वनखात्याची परवानगी लागत नाही, हा तर मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. कलम 11 मध्ये वाट ठेवलेली आहे. अनुसूची 2 मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर याच अनुसूचीत आहे. अनुसूची 1 मधल्या प्राण्यांना ही पिकाची सवलत लागूच नाही. आधी आदेश, मग बार. क्रम उलटा झाला की गुन्हा. गेल्या काही वर्षांत बदललेल्या अनुसूच्या 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, तेव्हा जुने कागद दाखवून वाद घालू नका.

अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं, तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असलात तर हे संरक्षण मिळत नाही. रात्री टॉर्च घेऊन पारधीला गेलेल्याने 'अंगावर आलं' म्हणू नये.

मांसाचं म्हणाल तर उत्तर एका ओळीचं आहे: परवानगीने मारलेलं असो, बेकायदा मारलेलं असो किंवा जीव वाचवताना मेलेलं असो, जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. वाटे घालणारे आणि घेणारे दोघेही अडकतात. शिवाय दोष सिद्ध झाला तर शस्त्रपरवाना रद्द करून पुढची पाच वर्षं नवा परवाना मिळणार नाही, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. शेताच्या राखणीला ठेवलेली बंदूकच हातची जाते.

आता अमेरिका. तिथल्या बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, हे खरं आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या) ठासणीच्या बंदुकीचा हंगाम 1974 पासून चालू आहे. पण तिथेही कुणी मनाला येईल तेव्हा उठून हरीण मारत नाही. शिकारीचं लायसन्स, कुठे आणि किती मारायची याची मर्यादा, मारलेल्या हरणाची नोंद, हे सगळं असतं. आणि तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार थोडं उरलं होतं; शिकारीला लगाम घातला, तेव्हा आज ते कोटींच्या घरात आहे. आपल्या भेकराची गोष्ट तशी नाही. ते एकटंदुकटं राहणारं, दाट झाडीतलं जनावर.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण मला तीच सगळ्यात जास्त टोचते. ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. दारू, छर्रे आणि चिंध्या गजाने ठासून पुन्हा भरेपर्यंत जखमी डुक्कर रानात पळालेलं असतं किंवा उलटून अंगावर आलेलं असतं. गुळगुळीत नळीतून छर्रे फाकतात, अंधारात हललेल्या झुडपावर नेम धरला जातो. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि तो दगावला. असा मेसेज वाचून धीर चढलेली चार पोरं रात्री रानात शिरली, तर आपल्या वाडीतही हेच घडेल.

पीक गेलं असेल तर नुकसानभरपाई मागा. रानडुक्कर, हरणं, गवा, माकड यांनी केलेल्या नुकसानीला महाराष्ट्रात ती मिळते, पण खबर तीन दिवसांच्या आत द्यायची असते. पंचनामा होईपर्यंत खाचर साफ करू नका, फोटो काढून ठेवा. रक्कम अपुरी असते आणि उशिरा येते, यावर माझं दुमत नाही, त्यासाठी ग्रामसभेत ठराव करून भांडलं पाहिजे. डुकरं वारंवार येत असतील तर कलम 11 खाली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि नकार आला तर तोही कारणासह लेखीच मागा.